सावलीची काठी आणि संगणकाचे गणित

धाराशिव हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा होय. २०२३ पर्यंत त्याचे अधिकृत नाव उस्मानाबाद असे होते. पावसाची अनिश्चितता असलेल्या या भागास ऊन मात्र भरपूर लाभले आहे. या उन्हाचा उपयोग सिंचनासाठी व्हावा म्हणून केंद्र शासनाची ‘पीएम-कुसुम’ योजना २०१९ मध्ये व राज्य शासनाची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ मध्ये सुरू झाली. सौरपंपाचे पटल सर्वसाधारणपणे दक्षिणेकडे तोंड करून आणि स्थळाच्या अक्षांशाच्या आसपासच्या कोनात कलते बसवितात. धाराशिव शहराचा अक्षांश सुमारे १८.२ अंश आहे.

समजा, २ मीटर लांबीचे पटल २० अंशांत कलते ठेवावयाचे आहे. त्याची वरची कड खालच्या कडेपेक्षा किती उंच असावी? पटलाची लांबी गुणिले २० अंशांची साइन, म्हणजे सुमारे ०.६८ मीटर, हे त्याचे उत्तर. परंतु सी भाषा नुकतीच शिकू लागलेला विद्यार्थी हेच गणित संगणकास घालतो, तेव्हा पुष्कळदा १.८३ मीटर असे उत्तर मिळते. या मापाचा सांगाडा तयार केला, तर पटल जवळजवळ ६६ अंशांत उभे राहील. संगणक बिघडलेला नसतो आणि आज्ञावलीत व्याकरणाची चूकही नसते. प्रश्न असतो तो कोनाच्या मापाचा.

अंश आणि रेडियन

दहावीच्या गणितात साइन, कोसाइन व टॅन्जंट ही गुणोत्तरे अंशांत शिकविली जातात. सी भाषेतील त्रिकोणमितीय फलने मात्र कोन रेडियनमध्ये गृहीत धरतात. ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास विकसित केली. आजही संगणकशास्त्राच्या अनेक पदविका व पदवी अभ्यासक्रमांत ती प्रारंभी शिकविली जाते. तिच्या साइन फलनास २० हा आकडा दिला, की ते त्याचा अर्थ २० रेडियन असा घेते आणि ०.९१ हे उत्तर देते. वर दिलेले १.८३ मीटर आले ते यामुळेच.

रेडियन ही कल्पना भारतीय गणितास परकी नाही. वर्तुळाची त्रिज्या जेवढी, तेवढाच कंस परिघावर मोजून घेतला, तर त्या कंसाने केंद्राशी केलेला कोन एक रेडियन होय. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात ज्यांची सारणी देताना परिघाचे २१,६०० भाग, म्हणजे ३६० अंशांच्या कला, कल्पिले आणि त्रिज्या त्याच मापाने ३,४३८ कला धरली. एका रेडियनच्या कला केल्यास सुमारे ३,४३८ एवढ्याच होतात. कंस आणि त्रिज्या एकाच मापाने मोजण्याची ही पद्धत म्हणजेच रेडियनचे बीज होय. ‘साइन’ या नावाचे मूळही ‘ज्या’ अथवा ‘जीवा’ या संस्कृत शब्दातच आहे. तो शब्द अरबीतून लॅटिनमध्ये जाताना त्याचे रूपांतर झाले.

महाराष्ट्राशी या विषयाचे नाते भास्कराचार्यांमुळे जडले आहे. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाने ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ सिद्ध केला. ज्या काढण्याच्या रीती सांगणाऱ्या ‘ज्योत्पत्ति’ या प्रकरणात त्यांनी १८ अंशांच्या ज्येचे अचूक सूत्र दिले आहे. पाचाच्या वर्गमुळातून एक वजा करून चाराने भागले, की ०.३०९०१७ ही किंमत येते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटणे येथील इ.स. १२०७ च्या शिलालेखात आहे.

संगणक हे कसे काढतो?

संगणकाला मुळात बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार हीच कामे येतात. त्यामुळे साइनची किंमतही त्याला याच क्रियांतून उभी करावी लागते. त्याचा सर्वांत सुबोध मार्ग चौदाव्या शतकात केरळातील माधव या गणितज्ञाच्या परंपरेने दाखविला. रेडियनमधील कोन घ्यावा, त्यातून त्याच्या घनाचा सहावा भाग वजा करावा, पाचव्या घाताचा एकशे विसावा भाग मिळवावा, याप्रमाणे पुढे जावे. १८ अंश म्हणजे ०.३१४१५९ रेडियन. पहिल्या पदाने ०.३१४१५९, दुसऱ्याने ०.३०८९९१ आणि तिसऱ्याने ०.३०९०१७ अशी किंमत येते. भास्कराचार्यांच्या सूत्राचे उत्तर केवळ तीन पदांत सहा दशांश स्थळांपर्यंत जुळते. सी भाषेसोबत मिळणाऱ्या तयार फलनांत याहून अधिक सफाईच्या रीती वापरलेल्या असतात. तत्त्व मात्र याच जातीचे असते.

आज्ञावली लिहिताना घ्यावयाची काळजी

१. गणिती फलने वापरण्यासाठी ‘मॅथ डॉट एच’ ही फाइल आज्ञावलीच्या आरंभी समाविष्ट करावी.

२. कोन अंशांत असेल तर त्यास पायने गुणून १८० ने भागावे आणि मगच तो फलनास द्यावा.

३. पायसाठी २२ भागिले ७ असे लिहू नये. दोन्ही संख्या पूर्णांक असल्यास सी भाषा अपूर्णांक टाकून देते व उत्तर ३ एवढेच उरते. अशा पायने १८ अंशांची साइन ०.३०९ ऐवजी ०.२९६ येते. त्याऐवजी ज्याचा टॅन्जंट १ आहे असा कोन व्यस्त फलनाकडून घेऊन त्यास ४ ने गुणावे. पायची किंमत संगणकाच्या पूर्ण अचूकतेने मिळते.

४. ९० अंशांच्या टॅन्जंटला किंमत नाही. परंतु पायची किंमत संगणकात किंचित अपुरी साठविली जात असल्याने तो चूक न दाखविता १६ वर १५ शून्ये एवढी प्रचंड संख्या देतो. हा कोन आज्ञावलीने आधीच वगळावा.

अंगणातील पडताळा

उत्तर बरोबर आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी शाळेचे अंगण पुरेसे आहे. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी सपाट जमिनीवर १०० सेंटिमीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करावी. सर्वांत आखूड सावलीची लांबी म्हणजे काठीची उंची गुणिले अक्षांशाचा टॅन्जंट. धाराशिव येथे ती सुमारे ३३ सेंटिमीटर भरते. ही वेळ घड्याळात बाराची नसून साडेबाराच्या सुमाराची असते. कारण भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून ठरते, त्याच्या पश्चिमेस हा जिल्हा आहे. आज्ञावलीत १८.२ हा आकडा तसाच दिला, तर सावलीची लांबी उणे ७६ सेंटिमीटर येते. उणे लांबीची सावली नसते, हे सहावीतील मुलासही कळते.

मात्र प्रत्येक चूक अशी उघड होत नाही. आरंभीच्या उदाहरणातील १.८३ मीटर हे माप कागदावर कोणालाही खटकणार नाही. म्हणूनच ज्यांची उत्तरे ठाऊक आहेत असे कोन प्रथम देऊन पाहण्याची सवय शिक्षकांनी विद्यार्थ्यांस लावावी. ३० अंशांची साइन ०.५ आली आणि ४५ अंशांचा टॅन्जंट १ आला, की पुढील आकड्यांवर भरवसा ठेवता येतो. पंचायत सदस्य व अधिकारी यांना आज्ञावली लिहिता येणे आवश्यक नाही. गावातील कामासाठी संगणकाने काढलेले माप समोर आले, तर कोन कोणत्या मापात दिला होता आणि उत्तर कशाशी ताडून पाहिले, एवढे दोन प्रश्न त्यांनी विचारले, तरी चुकीचा सांगाडा उभा राहण्यापूर्वीच चूक सापडेल.