जुने फिशर : मलम किती दिवस लावायचे?
गुदद्वाराची चीर ६ आठवड्यांनंतरही भरली नाही, तर ते जुने फिशर. आपल्याकडे यालाही सरसकट मूळव्याधच म्हणतात. दुखण्यामुळे आतला स्नायू आवळलेला राहतो, रक्तपुरवठा कमी पडतो, म्हणून चीर भरत नाही. लिग्नोकेनचे मलम जागा फक्त बधिर करते. २ टक्के डिल्टियाझेम स्नायू सैल करते. ते सहसा दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढे लावतात. दुखणे आधी थांबते आणि तिथेच बरेच रुग्ण मलम सोडतात. चीर मात्र भरलेली नसते. ६ ते ८ आठवडे लावायलाच हवे. नायट्रोग्लिसरीनच्या मलमाने डोके दुखू शकते. सिल्डेनाफिल घेणाऱ्यांनी ते वापरू नये. पाणी, भाज्या, इसबगोल हवेच. झणझणीत मिसळ तूर्त बाजूला. ८ आठवड्यांनीही दुखत असेल किंवा रक्त पडत असेल, तर सर्जनना दाखवा.