विरोधाभास: मोरगावच्या नंदीपासून नीरेच्या चोपण रानापर्यंत

एकमेकींना छेद देणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात आणि खोलात गेल्यावर त्यांच्यातील विरोध वरवरचा असल्याचे उमगते, तेव्हा त्याला विरोधाभास म्हणतात. मराठी व्याकरणात तो अलंकार म्हणून शिकवला जातो आणि कूट अभंगांतून व भारुडांतून संतांनी त्याचा मनसोक्त वापर केला आहे. तर्कशास्त्रात मात्र त्याचे रूप अधिक कठोर आहे. ‘हे विधान खोटे आहे’ हे वाक्य खरे मानले तर खोटे ठरते आणि खोटे मानले तर खरे. बर्ट्रांड रसेल यांना १९०१ साली संच-सिद्धांतात याच जातीचा पेच सापडला आणि गणिताचा पायाच नव्याने तपासण्याची वेळ आली. पुढाऱ्याच्या बोलण्या-वागण्यातील तफावतीलाही आजकाल सर्रास विरोधाभास म्हटले जाते, पण ती नुसती विसंगती होय. तिच्यात उलगडण्यासारखे काही नसते, आणि अशा वापराने एक मोलाची संज्ञा बोथट होते.

या संज्ञेची धार पाहायची तर बारामती तालुक्यातील कऱ्हाकाठचे मोरगाव हे उत्तम ठिकाण आहे. अष्टविनायकांची यात्रा येथे सुरू होते आणि आठवे स्थान झाल्यावर पुन्हा येथेच येऊन पूर्ण होते, त्यामुळे आरंभाचे आणि समाप्तीचे ठिकाण एकच. मयूरेश्वराच्या देवळाला चार कोपऱ्यांवर मनोरे असल्याने ते दुरून मशिदीसारखे भासते. सुलतानी अमलात उपद्रव होऊ नये म्हणून ही रचना केल्याचे सांगितले जाते. देवळापुढे गणपतीच्या उंदराबरोबरच शंकराचा भलामोठा नंदी बसलेला आहे. शिवमंदिरासाठी नेला जाणारा हा नंदी येथे विसावला आणि मग जागचा हलेना, अशी आख्यायिका आहे. मनोऱ्यांचा खुलासा इतिहासाच्या भाषेत होतो, नंदीचा श्रद्धेच्या. दोन्हीकडे विरोध मावळतो तो पडद्यामागचे कारण पुढे आल्यावरच.

याहून बोधप्रद उदाहरण त्याच तालुक्याच्या मातीत आहे. मोरगाव-सुपे हा पर्जन्यछायेतील जिरायती पट्टा पिढ्यानपिढ्या पाण्याची वाट पाहत आला, तर नीरेकाठच्या बारामती-इंदापूरच्या शिवाराला १८८५ साली नीरा डावा कालवा मिळाला. दुष्काळ हटवण्यासाठी आलेल्या या पाण्यानेच पुढे कित्येक जमिनी नापीक केल्या, हे ऐकताना अशक्य वाटते. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला, इतका हा प्रश्न तेव्हाच गंभीर झाला होता. कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले मोकाट पाणी काळ्या, निचरा न होणाऱ्या जमिनीत साचत जाते, भूजलाची पातळी वर चढते, मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि उन्हाने ते उडून गेले की त्यातील क्षार मागे उरतात. रान आधी पाणथळ होते, मग चोपण होते, वर पांढरा थर धरतो आणि बी उगवत नाही. पाण्यासाठी तळमळलेल्या मुलखात जमीन वाचवायची तर चर खणून पाणी बाहेर काढावे लागते. पाणी आणि पीक यांचे नाते सरळ आहे, जितके पाणी तितके पीक, या न बोललेल्या गृहीतकातच सारा घोळ होता. निचरा हा सिंचनाचाच अर्धा भाग आहे हे मान्य केले की विरोध उरत नाही.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशाबाबत असाच निष्कर्ष मांडला: यंत्रे कमी कोळशात अधिक काम करू लागली की कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढतो, कारण काम स्वस्त झाल्याने यंत्रेच वाढतात. ठिबक सिंचनाबाबतही हा धोका खरा आहे. ठिबकमुळे एकरी पाणी कमी लागते, परंतु वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी दोन एकर ऊस लावला तर विहिरीचा उपसा पूर्वीइतकाच राहतो, आणि पाटपाण्यातून मुरून शेजारच्या विहिरीला मिळणारा पाझर मात्र आटतो. म्हणून ठिबकचे अनुदान देताना उसाखालचे क्षेत्र किती वाढू द्यायचे, हेही त्याच बैठकीत ठरायला हवे.