हळद, यकृत आणि एक औषध

हिंगोली-वसमतची हळद सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या निमित्ताने एक सावधगिरी सांगावयाची आहे. स्नायूंस हालविणाऱ्या मज्जापेशी झिजविणाऱ्या ए.एल.एस. या व्याधीवर रिल्युझोल देतात. ते व्याधी बरी करीत नाही, तिची गती किंचित मंदावते. ५० मिलिग्रॅमची गोळी दर १२ तासांनी, जेवणापूर्वी १ तास किंवा नंतर २ तासांनी घेतात. चुकल्यास दुप्पट घेऊ नये.

या औषधाने यकृतास इजा संभवते. म्हणून पहिले ३ महिने दरमहा रक्ततपासणी करवावी. ताप आला वा डोळे पिवळे दिसले, तर डॉक्टरांस तत्काळ कळवावे. हताश आप्त हळदीच्या अर्काच्या गोळ्याही सुरू करतात. भाजीतल्या हळदीचे भय नाही. परंतु अशा गोळ्यांनीही काहींच्या यकृतास अपाय झालेला आहे. मायेपोटी केलेला उपचारही विचारूनच करावा.