जलजीवालयातील नव्या माशांची मरतुक

घरगुती जलजीवालयात (काचेच्या पेटीत) नव्याने सोडलेले गोड्या पाण्यातील मासे पहिल्या काही दिवसांत वा आठवड्यांत मरणे, ही हौशी मत्स्यपालनात वारंवार आढळणारी घटना आहे. पाणी नितळ दिसते, विकत घेताना मासे सशक्त असतात व त्यांच्या अंगावर रोगाचे चिन्ह नसते. त्यामुळे दोष बहुधा विक्रेत्याला, माशांच्या जातीला किंवा एखाद्या अज्ञात रोगाला दिला जातो. प्रत्यक्षात यांपैकी बरेचसे मृत्यू पाण्यातील, डोळ्यांस न दिसणाऱ्या रासायनिक बदलांमुळे घडतात. माशांच्या उत्सर्गातील विषारी द्रव्यांचे रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू नव्या पेटीत पुरेशा संख्येने नसणे, हे त्यांमागील प्रमुख कारण होय.

इतिहास : बंदिस्त पेटीतील जीवांचा समतोल कसा राखावा, याचा पद्धतशीर अभ्यास इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी केला. सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवून केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत त्यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केला. ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या देवाणघेवाणीवर त्यात भर होता. नायट्रोजनयुक्त उत्सर्गाचे पुढे काय होते, हे तेव्हा माहीत नव्हते. १८७७ मध्ये श्लेझिंग व म्यूंट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेटात होणारे रूपांतर हे सजीवांचे कार्य असल्याचे दाखविले. हे रूपांतर दोन टप्प्यांत होते, हे दाखविण्यात वॉरिंग्टन यांचे त्याच नावाचे पुत्र (१८३८–१९०७) यांच्या रॉथॅमस्टेड येथील संशोधनाचा मोठा वाटा होता. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राट्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे सूक्ष्मजंतू अलग केले. जलजीवालयाची दोन अंगे अशा प्रकारे पित्याच्या व पुत्राच्या संशोधनांतून स्वतंत्रपणे उलगडली.

नायट्रोजन चक्र : प्रथिनांच्या चयापचयात निर्माण होणारा नायट्रोजन गोड्या पाण्यातील मासे मुख्यत्वे अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. उरलेले खाद्य, विष्ठा व कुजणारी पाने यांतूनही अमोनिया निर्माण होतो. नदीत वा तळ्यात तो विपुल पाण्यात विरल होतो. पेटीत मात्र तो साचतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो : मुक्त अमोनिया व अमोनियम आयन. यांपैकी मुक्त अमोनिया कल्ल्यांच्या पटलांतून सहज आत शिरतो व फार विषारी असतो. त्याचे प्रमाण पाण्याची अम्लता वा क्षारता दर्शविणाऱ्या पीएच मूल्यावर व तापमानावर अवलंबून असते. २५° से. तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाच्या सु. ०.६%, ८ असताना सु. ५% आणि ९ असताना सु. ३६% भाग मुक्त रूपात असतो. म्हणून एका पेटीत निभावून जाणारे अमोनियाचे प्रमाण अधिक क्षारधर्मी पाण्याच्या दुसऱ्या पेटीत प्राणघातक ठरते.

नायट्रीकारक सूक्ष्मजंतूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइटात व दुसरा गट नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करतो. पूर्वी ही कामे अनुक्रमे नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर या वंशांकडे सोपविली जात. परंतु गोड्या पाण्याच्या पेट्यांत दुसरा टप्पा प्रामुख्याने नायट्रोस्पायरा वंशातील सूक्ष्मजंतू पार पाडतात, असे १९९८ मध्ये दिसून आले. त्या वंशातील काही प्रकार दोन्ही टप्पे एकट्यानेच पूर्ण करतात, हे २०१५ मध्ये आढळले. नायट्राइट रक्तात शिरून हीमोग्लोबिनाचे मेथीमोग्लोबिनात रूपांतर करते व रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. अशा वेळी पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात व त्यांचे कल्ले तपकिरी दिसू लागतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच कमी विषारी असून पाणवनस्पती ते शोषून घेतात; उरलेले पाणी बदलून काढता येते.

नव्या पेटीतील धोक्याचा काळ : नायट्रीकारक सूक्ष्मजंतू वाळू, दगड, काच व विशेषतः गाळणीतील स्पंज यांच्या पृष्ठभागांवर थर करून राहतात. अनेक सामान्य सूक्ष्मजंतू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात. नायट्रीकारकांस मात्र त्यासाठी कित्येक तास, पुष्कळदा एक दिवस वा अधिक काळ लागतो. म्हणून नव्या पेटीत प्रथम अमोनिया वाढतो, तो ओसरू लागताच नायट्राइट वाढते आणि अखेरीस दोन्ही जवळजवळ नाहीसे होऊन नायट्रेट साचू लागते. या साऱ्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी पेटी माशांनी भरली, तर त्यांना हा सर्व काळ विषारी पाण्यात काढावा लागतो.

या काळात मासे मेल्यावर केला जाणारा उपाय पुष्कळदा हानीत भर घालतो. पेटी रिकामी करून वाळू व गाळणी नळाखाली घासून धुतली, की वाढू लागलेले सूक्ष्मजंतू वाहून जातात व नळाच्या पाण्यातील क्लोरिनाने मरतात. पेटी लख्ख होते. परंतु चक्र आरंभापासून सुरू होते आणि माशांची दुसरी खेपही त्याच रीतीने मरते.

अन्य कारणे : (१) पिशवीतील पाणी : मासे ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणतात. प्रवासात पिशवीत अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड साचतात. दुसऱ्यामुळे पीएच मूल्य उतरते व अमोनिया कमी अपायकारक रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डाय-ऑक्साइड निसटतो, पीएच मूल्य चढते व अमोनियाचा विषारीपणा वाढतो. यामुळे लांबच्या प्रवासातून आलेले मासे उघड्या पिशवीत फार वेळ ठेवणे हितावह नसते.

(२) क्लोरीन : नळाच्या पाण्यात जंतुनाशनासाठी राखलेले क्लोरीन कल्ल्यांच्या नाजूक ऊतकाला इजा करते. पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्यास अथवा त्यात सोडियम थायोसल्फेट मिसळल्यास ते नाहीसे होते. क्लोरामीन मात्र नुसते उघडे ठेवून सहसा जात नाही.

(३) पाण्यातील एकाएकी बदल : गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरातील लवणांची संहती बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक असते. त्यामुळे तर्षणाने पाणी सतत आत शिरते व मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. तापमान, पीएच मूल्य वा कठीणपणा एकदम बदलल्यास या व्यवस्थेवर ताण पडतो. धरणाच्या मृदू पाण्यात वाढलेला मासा दख्खनच्या बेसाल्टी खडकातील विहिरीच्या सामान्यतः कठीण पाण्यात थेट सोडणे म्हणूनच जोखमीचे असते. जुन्या पेटीतील मासे जगतात व नवे मरतात, याचेही स्पष्टीकरण यात मिळते. पाणी दीर्घकाळ न बदललेल्या पेटीत नायट्रेट वाढते व पीएच मूल्य हळूहळू उतरते. जुने मासे या बदलाला क्रमाने सरावलेले असतात. नवागताला तो एका क्षणात सोसावा लागतो.

(४) ऑक्सिजनाची कमतरता : हवेच्या संपर्कातील पाण्यात २०° से.ला दर लिटरमागे सु. ९ मिग्रॅ., तर ३०° से.ला सु. ७.५ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो. उन्हाळ्यात, अरुंद तोंडाच्या गोल भांड्यात किंवा माशांची दाटी असताना तो अपुरा पडतो. सोनमासा मोठा वाढणारा व भरपूर उत्सर्ग करणारा असल्यामुळे असे भांडे त्याला सर्वांत गैरसोयीचे ठरते. गुरामी व लढाऊ मासा हे हवेतील ऑक्सिजनही घेऊ शकतात. परंतु अमोनियापासून त्यांचीही सुटका होत नाही.

(५) रोग : पकडणे, वाहतूक व दाटी यांच्या ताणाने रोगप्रतिकारक्षमता घटते आणि इक्थिऑप्थिरियस या परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बळावतो. नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या पेटीत ठेवल्यास जुन्या माशांना संसर्ग होण्याचा धोका बराच कमी होतो.

प्रतिबंध : मासे आणण्यापूर्वीच सूक्ष्मजंतूंची वाढ करून घेणे हा मुख्य उपाय होय. त्यासाठी गाळणी चालू ठेवून रिकाम्या पेटीत अमोनियाचा विद्राव वा चिमूटभर खाद्य टाकत राहतात. निरोगी माशांच्या जुन्या पेटीतील स्पंज वा वाळू मिळाल्यास हा काळ बराच कमी होतो. परीक्षण संचाने पाहता अमोनिया व नायट्राइट शून्यावर आलेले आढळल्यावर थोडे मासे सोडतात व पुढील भर आठवड्यांच्या अंतराने घालतात. बंद पिशवी १५ ते २० मिनिटे पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवून तापमान सारखे झाले, की मासे जाळीने पेटीत सोडतात. पिशवीतील पाणी पेटीत ओतत नाहीत. खाद्य काही मिनिटांत संपेल इतकेच देतात. दर आठवड्यास सु. एक-चतुर्थांश पाणी क्लोरीनविरहित पाण्याने बदलतात व स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळून धुतात. मासे मरू लागल्यास औषध घालण्यापूर्वी अमोनिया, नायट्राइट व पीएच मूल्य तपासणे आवश्यक असते. काही औषधे नायट्रीकारक सूक्ष्मजंतूंनाही मारक असतात आणि रोग नसताना वापरल्यास मूळ कारण अधिकच तीव्र करतात.