लॅव्हेंडरचे तेल : भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील उळवी हे चेन्नबसवेश्वरांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले, माघातल्या यात्रेत बैलगाड्यांनी गजबजणारे आणि एरवी दाट अरण्यात शांत असणारे गाव आहे. त्या पावसाळी डोंगरउतारांवर दालचिनी आणि मिरी यांसारख्या सुगंधी वनस्पती वाढतात. लॅव्हेंडर मात्र वाढत नाही, कारण भूमध्यसागराभोवतीच्या या झुडपाला कोरडी हवा, पाणी न साचणारी जमीन आणि थंडी लागते. भारतात त्याची नाव घेण्याजोगी लागवड जम्मूकडील डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या परिसरात होते आणि तिथे 2022 साली लॅव्हेंडर महोत्सवही भरला. असे असूनही साबण, शाम्पू आणि बाळांच्या लोशनच्या रूपाने हा वास पश्चिम घाटातल्या घरांपर्यंत पोहोचला आहे, आणि त्याच्याबरोबर दोन परस्परविरोधी समजुतीही आल्या आहेत. झाडाचे तेल आहे म्हणून ते निर्धोकच, ही पहिली. त्याने लहान मुलांच्या संप्रेरकांत बिघाड होतो, ही दुसरी.

दुसऱ्या समजुतीचा उगम नेमका सांगता येतो. 2007 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील तीन मुलग्यांची माहिती प्रसिद्ध झाली. वयात येण्यापूर्वीच त्यांच्या स्तनांची वाढ झाली होती, तिघेही लॅव्हेंडर किंवा लॅव्हेंडरसह टी-ट्री तेल असलेली प्रसाधने वापरत होते आणि ती बंद केल्यावर काही महिन्यांत वाढ ओसरली. त्याच लेखातील प्रयोगात काचपात्रात वाढवलेल्या मानवी पेशींवर या तेलांचा इस्ट्रोजेनसारखा, म्हणजे स्त्री-संप्रेरकासारखा, क्षीण परिणाम दिसला, आणि अँड्रोजेन या पुरुष-संप्रेरकाला विरोध करणारा परिणामही आढळला. 2019 साली अशा आणखी काही रुग्णांची नोंद झाली. एवढ्या आधारावर कार्यकारणभाव सिद्ध मानणे घाईचे ठरते, कारण तीन मुलांना जोडणारा धागा लॅव्हेंडर असू शकतो तसाच त्या प्रसाधनांतील दुसरा एखादा घटकही असू शकतो, आणि काचपात्रात थेट तेलात न्हालेल्या पेशीची स्थिती त्वचेवरून धुऊन जाणाऱ्या साबणाच्या फेसाशी जुळत नाही. 2013 साली मादी उंदरांच्या गर्भाशयाच्या वजनावरून केलेल्या चाचणीत, जी इस्ट्रोजेनसदृश परिणाम पारखण्याची प्रस्थापित पद्धत आहे, लॅव्हेंडर तेलाचा असा परिणाम आढळला नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या 556 मुलांच्या पाहणीतही या तेलांशी संपर्क असलेल्या मुलांत संप्रेरकविकार अधिक दिसले नाहीत. अर्थात एका वेळची पाहणी विरळ घटना पूर्णपणे फेटाळू शकत नाही. त्यामुळे एखाद्या मुलात अशी वाढ दिसली तर प्रसाधने थांबवून डॉक्टरांना दाखवणे योग्यच आहे, पण प्रत्येक जांभळ्या बाटलीला घाबरण्याचे कारण उरत नाही.

खरा प्रश्न त्वचेचा आहे, आणि तो निसर्गावरच्या विश्वासात दडलेला आहे. लॅव्हेंडरच्या फुलोऱ्यातून वाफेने ऊर्ध्वपातन करून काढलेल्या तेलात लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट ही दोन द्रव्ये प्रमुख असतात. त्यांपैकी लिनॅलूल मराठी स्वयंपाकघराला अजिबात परके नाही, कारण धन्याच्या तेलाचा अर्ध्याहून अधिक भाग तेच असते. ताजे आणि शुद्ध लिनॅलूल क्वचितच अ‍ॅलर्जी निर्माण करते. परंतु हवेतील ऑक्सिजनशी त्याचा सावकाश संयोग होऊन हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगे तयार होतात आणि तीच त्वचेतील प्रथिनांना चिकटून शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला चिथावतात. त्यातून होणाऱ्या खाज, लाली आणि पुरळाला संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात. स्वीडनमधील संशोधकांनी ही साखळी उलगडून दाखवल्यावर त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्टी लावून करायच्या चाचणीत ताज्याऐवजी मुद्दाम हवेत मुरवलेले लिनॅलूल वापरायला सुरुवात केली, आणि त्वचादाहाच्या रुग्णांत पूर्वी नजरेतून निसटणारी अ‍ॅलर्जी काही टक्के लोकांत उघड होऊ लागली. जपानमध्ये 1990 ते 1998 या काळात प्रसाधनांमुळे त्वचादाह झाल्याचा संशय असलेल्या रुग्णांची लॅव्हेंडर तेलाने चाचणी केली असता सरासरी 3.7 टक्के रुग्णांत प्रतिक्रिया आली, आणि हे प्रमाण 1997 पासून एकाएकी चढले. सुकी लॅव्हेंडर फुले खोलीत आणि उशाशी ठेवण्याची टूम तेव्हाच तिथे पसरली होती, हा संशोधकांनी लावलेला संबंध बोलका आहे.

यावरून ‘नैसर्गिक’ या शब्दाचे वजन किती धरावे हे ठरवता येते. उळवीच्या रानातल्या दालचिनीच्या जातभाईंच्या सालीतून निघणाऱ्या तेलात सिनॅमाल्डिहाइड असते आणि ते ताजेपणीच लिनॅलूलपेक्षा कितीतरी अधिक तीव्र अ‍ॅलर्जीकारक आहे. तेही तितकेच नैसर्गिक. उलट वेष्टनावर लॅव्हेंडरचे चित्र असलेल्या स्वस्त साबणात त्या झुडपाचा थेंबही नसू शकतो, कारण लिनॅलूल कारखान्यात सहज बनते. युरोपीय संघात, त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात लिनॅलूल 0.001 टक्क्यांहून आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनात 0.01 टक्क्यांहून अधिक असल्यास त्याचे नाव वेष्टनावर छापावे लागते, आणि 2023 च्या दुरुस्तीने खुद्द लॅव्हेंडर तेलही त्या यादीत आले. भारतात मात्र घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’ एवढा एकच शब्द आढळणे नेहमीचे आहे. ज्याची त्वचा आधीच हळवी आहे त्याला त्या शब्दातून काहीच कळत नाही.

तेल सरळ, न मिसळता लावण्याची प्रथा एका दंतकथेवर पोसलेली आहे. फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मोरीस गातफोसे यांनी प्रयोगशाळेतील स्फोटात भाजलेला हात चुकून लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि तो बरा झाला, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात 1910 च्या त्या अपघातानंतर जखमा चिघळल्या आणि त्यांनी लॅव्हेंडरच्या अर्काचा वापर त्यानंतर जाणूनबुजून केला, असे त्यांच्याच 1937 च्या पुस्तकावरून दिसते. घरगुती वापरात 100 मिलिलिटर खोबरेल तेलात सुमारे 20 थेंब, म्हणजे साधारण 1 टक्का, हे प्रमाण प्रौढांसाठी बेताचे आहे. बाटली मात्र लहान मुलांच्या हाती लागू नये, कारण हे तेल पोटात गेल्यास गुंगी आणू शकते आणि श्वासमार्गात उतरल्यास फुप्फुसांना इजा करते.

बाटली छोटी, गडद काचेची आणि घट्ट बुचाची असावी, आणि ती न्हाणीघराच्या उबेपासून दूर, थंड जागी राहावी, कारण ऊन, उष्णता आणि बाटलीतली रिकामी जागा या तिन्हींमुळे हायड्रोपेरॉक्साइड लवकर साचते. अनेक जण नवे तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहतात आणि काही झाले नाही म्हणून निर्धास्त होतात. पण ती परीक्षा बूच उघडलेल्या दिवशीच्या तेलाची असते, वर्षभराने त्याच बाटलीच्या तळाशी उरलेल्या तेलाची नव्हे.