दाना ओलीतली मराठी आणि दूरदर्शन

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाना ओली हे नाव वाचताच मराठी माणसाला आपल्याकडची ‘आळी’ आठवते. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास येथे फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचे पुढे शहर झाले. या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. मराठी दूरचित्रवाणी मात्र त्यांच्या घरी फार उशिरा पोहोचली. त्याचे कारण तंत्रात होते.

दूरदर्शनचा प्रायोगिक आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला, तर मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. जमिनीवरील प्रक्षेपकाचा पल्ला मर्यादित असल्याने मुंबईच्या मराठी बातम्या व नाटके ग्वाल्हेरला दिसणे शक्य नव्हते. १९८२ पासून उपग्रहाच्या साहाय्याने राष्ट्रीय कार्यक्रम देशभर दिसू लागला. पण त्याची भाषा मुख्यतः हिंदी व इंग्रजी. ‘हम लोग’ आणि ‘रामायण’ यांनी साऱ्या देशाला एका वेळी एका पडद्यासमोर बसवले. मराठीच्या वाट्याला आला तो रविवारी दुपारी दाखवल्या जाणाऱ्या प्रादेशिक चित्रपटांतील एखादा.

१५ ऑगस्ट १९९४ रोजी दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली. २००० साली तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. उपग्रहाला राज्याची सीमा अडवत नाही. २००४ मध्ये दूरदर्शनची थेट घरी पोहोचणारी सेवा आली. आज ‘फ्री डिश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सेवेला मासिक शुल्क नाही. एकदा तबकडी आणि सेट टॉप बॉक्स घेतला की सह्याद्री दाना ओलीतही दिसते आणि डिचोलीतही.

खासगी वाहिनी जाहिरातदारांच्या दृष्टीने प्रेक्षक मोजते. परप्रांतातील काही मराठी घरे किंवा गोव्यासारखे छोटे राज्य त्या हिशेबात सहज मागे पडते. १९९० चा प्रसार भारती कायदा मात्र निरनिराळ्या प्रदेशांच्या भाषा व संस्कृतींना पुरेसे स्थान देणे हे लोकप्रसारकाचे कर्तव्य मानतो. पणजी केंद्रामागचा विचारही हाच.

अर्थात, केवळ वाहिनी उपलब्ध असणे पुरेसे नाही. कार्यक्रम निस्तेज झाले की प्रेक्षक दुरावतो आणि मग प्रेक्षकच नाहीत म्हणून खर्चाला कात्री लागते. म्हणून दूरदर्शनची उपयुक्तता केवळ उत्पन्नावरून ठरवता कामा नये. बाजार ज्यांच्या दारी जात नाही, त्यांच्यापर्यंत ते काय आणि किती चांगले पोहोचवते, हीच त्याची खरी कसोटी आहे.