'डिजिटल अटक' नावाचं नाटक

शेजारच्या काकूंना परवा व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ. "तुमच्या आधारवर ड्रग्जचं पार्सल सापडलंय. फोन ठेवायचा नाही, मुलाला सांगायचं नाही."

मी सायबर सुरक्षेत काम करतो. खरी मेख त्या शेवटच्या वाक्यात आहे. घाबरलेल्या माणसाला एकटं पाडलं की तो उलट प्रश्न विचारत नाही. घरातलं कुणी शेजारी येऊन बसलं की नाटक कोसळतं. (शिकलेले, निवृत्त अधिकारीही फसतात, कायद्याचा धाक त्यांनाच जास्त!)

भारतीय कायद्यात अशी व्हिडिओ कॉलवरची 'डिजिटल अटक' नाहीच. सरळ फोन कट करा.

पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येते.

आईबाबांना हे कसं समजवायचं? विचारा बिनधास्त.